पंप रोज घेतो, तरी धाप का लागते?

वस्तीत आरोग्य शिबिर भरले की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. ‘सिस्टर, डॉक्टरांनी दिलेला पंप चालू आहे, तरी रात्री खोकल्याने उठून बसावे लागते. डोस वाढवून घेऊ का?’ डोसचे आम्ही नंतर बोलतो. आधी म्हणतो, पंप घेऊन दाखवा.

तेव्हा बरेच काही कळते. कुणी पंप न हलवताच दाबतो, कुणाचे औषध वाफेसारखे तोंडातून बाहेर येते. कुणी तर पावडरची कॅप्सूल मशीनमध्ये न घालता पाण्याबरोबर गिळतो! असे औषध घशात नाहीतर पोटात जाते. श्वासनळीची सूज तशीच राहते, मग धाप लागणारच.

दाबायचा पंप आधी चांगला हलवावा. श्वास पूर्ण सोडून पंपावर ओठ घट्ट मिटावेत, हळू आणि खोल श्वास घेऊ लागताच एकदा दाबावे, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. पावडरच्या मशीनचे उलट आहे, तिथे श्वास जोरात ओढायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते. दाबणे आणि ओढणे जुळत नसेल तर स्पेसर मागा. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले की दम्याचा झटका आलेल्या मुलांना अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा घरगुती स्पेसरही विकतच्यासारखाच उपयोगी पडतो. बुडाला पंपाच्या मापाचे भोक, फट बुजवलेली, आणि श्वास बाटलीच्या तोंडाने. मात्र तो एकदा नर्सला दाखवून घ्या.

दुसरे कारण म्हणजे बरे वाटले की रोजचा पंप बंद आणि धाप लागली की निळा. निळा नळी तात्पुरती मोकळी करतो, सूज उतरवतो तो रोजचाच. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आमच्या बायाबापड्यांच्या मनातून जातच नाही. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि ते थेट नळीत जाते. निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल किंवा खोकल्याने रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजा.

मग घराकडे पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत मच्छर कॉइल, बिडी, तव्यावर भाजलेली मिश्री, भिंतीची ओल, झुरळे. वंदनेला फुले पुरेत, अगरबत्ती नको. गल्लीच्या टोकाला जळणारा कचरा मात्र एकट्या रोग्याने थांबत नाही, त्यासाठी साऱ्या गल्लीने सह्या करून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा.

हे सगळे नीट असूनही त्रास राहिला, तर डॉक्टरांकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी आणि काही वेदनाशामकांनी दमा वाढतो. सतत वाहणारे नाक आणि अॅसिडिटीही सांगा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासून घ्या.

आणि धापेमुळे वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, निळ्या पंपानेही आराम नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रोग्याला बसते ठेवा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून निळा पंप एकेक दाब देत राहा, दहापर्यंत.