डफाची ऊबपेटी : गावातल्या गावात होईल असा एक जोडधंदा

धंदा म्हटला की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर एक तर किराणा दुकान येते, नाही तर आखाताचा व्हिसा. या दोहोंच्या मध्येही बरेच काही आहे, हे आम्ही या पानातून वेळोवेळी सांगत आलो आहोत. आज एका अगदी लहान वस्तूविषयी लिहायचे आहे. वाद्य बनविणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. ते चार महिन्यांत शिकता येत नाही. परंतु वाद्याला लागणारी जोडवस्तू बनविणे हे सुतारकामाची जाण आणि विजेच्या कामाची थोडी माहिती असलेल्या कोणत्याही होतकरू मुलाला जमण्यासारखे आहे.

उदाहरणासाठी आम्ही कासू हे गाव घेतले. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधले हे स्टेशन. एका बाजूला पेणची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, आणि मुंबई–गोवा महामार्गही हाताशी. तरीही घरातला मुलगा सकाळची गाडी पकडून बाहेर जातो आणि रात्री थकून परततो. गावात बसून चार पैसे मिळतील असे काम त्याला कोणी दाखविलेले नसते.

मिरजेचा धडा

वाद्यांच्या धंद्याचा विचार करताना मिरजेकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथील शिकलगार हे मुळात हत्यारे घडविणारे, त्यांना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात तलवारी-भाल्यांची मागणी आटली आणि हातातले हुन्नर रिकामे पडले. अशा वेळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे व सतारी दुरुस्त करण्याचे आणि पुढे घडविण्याचे काम हाती घेतले, असे तेथील परंपरा सांगते. संस्थानिक पटवर्धन संगीताचे शौकीन होते, त्यांचा आश्रय मिळाला. आज त्या घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आहे. पंढरपूर भागातला भोपळा, तुणाचे लाकूड आणि हाताची कसबी यांवर हे सारे उभे आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. शिकलगारांनी धंदा बदलला, पण हात बदलले नाहीत. आधी दुरुस्ती केली, दुरुस्ती करता करता वाद्याचा दोष कळला, आणि दोष कळल्यावर नवे वाद्य घडले. पुढेही तसेच झाले. सतारीच्या घोडीला व सजावटीला पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे तो माल बंद झाला, तेव्हा कारागिरांनी हाडे, लाकूड आणि प्लॅस्टिक-फायबर घासून-तासून पर्याय शोधले. अडचण हीच नव्या वस्तूची जननी ठरली.

कोकणातली अडचण कोणती?

मग कासूसारख्या गावातली अडचण कोणती? उत्तर हवेत आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवा महिनोन्‌महिने दमट राहते. डफ, ढोलकी, पखवाज, तबला या सर्वांचे तोंड कातड्याचे. कातडे हवेतले पाणी शोषते, सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून शाहीर असो वा लग्नातला डफवाला, वाजविण्यापूर्वी तो डफ शेकोटीवर शेकतो. मंडपात जाळ पेटविणे धोक्याचे, सभागृहात तर परवानगीच नसते. शिवाय शेक थोडा जास्त झाला तर कातडे कडक होऊन फाटते आणि ऐन वेळी कार्यक्रम अडतो. यावर साधा उपाय म्हणजे ऊबपेटी.

यामागचे गणित सोपे आहे. हवा तापविली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते. बाहेर २८ अंश सेल्सियस तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा पेटीत ३८ अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर येते. म्हणजे जाळ नको, भट्टी नको; केवळ दहा अंशांची ऊब कातड्यातले पाणी ओढून घेण्यास पुरते.

पहिला नमुना कसा करावा?

प्रथम वाद्य मोजा. सर्व वाद्यांसाठी एकच पेटी करण्याचा मोह टाळावा. अठरा इंची डफ धरला तर आतून २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि १४ इंच उंच अशी पेटी पुरते. आधी पुठ्ठ्याचा सांगाडा करून डफ आत-बाहेर काढून पाहावा; हाताला जागा कमी पडते की काय ते तेथेच कळते. पुठ्ठ्यात बल्ब मात्र मुळीच लावू नये.

माप ठरले की १२ मिलीमीटर प्लायवूडची पेटी करावी. तळाशी चिनीमातीच्या होल्डरमध्ये ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब बसवावा. एलईडी चालणार नाही, कारण तो ऊब फार थोडी देतो. तारेचा बल्ब मिळाला नाही तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी मिळतो तो दिवा वापरता येईल. बल्बभोवती जाळी आणि वर पत्र्याचा आडोसा हवा, म्हणजे उष्णता थेट कातड्याच्या एकाच जागी बसणार नाही. आडोशाच्या वर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर डफ ठेवावा. तळाशी आणि झाकणाजवळ बोटाएवढी भोके ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. ओली हवा बाहेर गेली नाही तर सारी मेहनत वाया जाते.

तापमान आपोआप सांभाळण्यासाठी अंडी उबविण्याच्या पेटीत असतो तसला थर्मोस्टॅट बसवावा आणि तो ३८ अंशांवर ठेवावा. ४० च्या वर जाऊ देऊ नये. विशेषतः तबल्याच्या शाईला जास्त उष्णतेने तडे जातात. तारजोडणी अर्थिंगसह तीन पिनांची असावी, आणि ती जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावी. लाकडाच्या पेटीत वीज खेळवायची असल्याने येथे काटकसर करू नये.

खर्च विजेचा किती? ६० वॅटचा बल्ब सलग दोन तास जळला तरी ०.१२ युनिट होते. त्यामुळे गिऱ्हाइकाला बिलाची भीती नाही.

नमुना झाला की परीक्षा घ्यावी. एक वही करून त्यात बाहेरची आर्द्रता, पेटीतले तापमान, लागलेला वेळ आणि डफाचा आवाज आधी कसा व नंतर कसा, हे रोज लिहावे. सूर मोजण्यासाठी मोबाइलमधला ट्यूनर पुरे. पावसाळ्यातले पंधरा दिवस अशी नोंद ठेवली की पेटीतले दोष आपोआप पुढे येतात. त्यानंतर पेटी एखाद्या वाजविणाऱ्याच्या हाती द्यावी आणि तो काय म्हणतो ते निमूटपणे ऐकावे. वाहून नेण्यास जड, झाकण अडते, दांडा हवा, या तक्रारी म्हणजे फुकट मिळालेला सल्ला होय. दुसरा नमुना त्यातूनच सुधारतो.

हिशेब आणि बाजार

किंमत ठरविताना पुष्कळ तरुण फक्त मालाचा खर्च मोजतात आणि स्वतःची मजुरी विसरतात. समजा, माल १,५०० रुपयांचा आणि दोन दिवसांची मजुरी ६०० प्रमाणे १,२०० रुपये. त्यावर मोडतोड व प्रवासासाठी दहा टक्के, म्हणजे २७० रुपये धरले, तर पेटी २,९७० रुपयांना पडते. ३,५०० ला विकली तर ५३० रुपये उरतात. हे आकडे केवळ पद्धत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातले भाव घालून हिशेब मांडावा. त्यात काहीच उरत नसेल तर पेटी लहान करावी, तोट्यात विकू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बाजारात फायबरच्या तोंडाचे, चावीने सूर लावण्याचे डफही मिळतात. त्यांना दमट हवेची फारशी बाधा होत नाही. म्हणून ऊबपेटीचे गिऱ्हाईक मर्यादित आहे: ज्यांना कातड्याचाच आवाज हवा आहे असे डफवाले, भजनी मंडळे, तबल्याचे वर्ग आणि वाद्य भाड्याने देणारे. सुरुवातीलाच कर्ज काढून पन्नास पेट्या करणे शहाणपणाचे नाही. पाच पेट्या कराव्या, पेण, नागोठणे, रोहा या भागांत फिरून विकाव्या, आणि एका पावसाळ्यानंतर त्याच पाच घरी पुन्हा जाऊन विचारपूस करावी. सहावी पेटी त्या पाचांच्या शिफारशीवर विकली गेली तरच धंदा आहे असे समजावे.

पेणच्या गणेशमूर्तींचा धंदा पाहा. हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांतून तो घराघरात पसरला आहे. एक साचा काढतो, दुसरा घासतो, तिसरा रंगवितो. पेटीच्या कामातही सुतार, वायरमन आणि विक्री करणारा असे तिघे मित्र एकत्र आले तर कोणावरच भार पडत नाही.

लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून सुरू असून तिला शुल्क नाही. त्यासाठी कोणा दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. पेटीचा आकार खरोखर नवा आणि वेगळा असेल तर डिझाइन कायदा, २००० अन्वये त्याची नोंदणी करता येते. परंतु अर्ज नमुना जाहीर करण्यापूर्वीच करावा लागतो, हे विसरू नये.

शिकलगारांच्या हाती तलवार होती, तिची गरज संपली तेव्हा त्यांनी हात बांधून ठेवले नाहीत. आमच्या मुलांच्या हाती आज रंधा आहे, पाना आहे, आयटीआयचे प्रमाणपत्र आहे. रोजी गाडीत बसूनच मिळते असे नाही. आपल्या गावची अडचण ओळखून तिच्यावर चार पैशांचा उपाय जो करील, त्याला गावच गिऱ्हाईक मिळवून देईल. पावसाळा दरवर्षी येतो. पुढच्या पावसाळ्याआधी एक तरी नमुना तयार व्हावा, एवढीच आमची अपेक्षा.