केरजाँ : ब्रिटनीतील एका जमीनदारी गढीचा इतिहास व वास्तुरचना

फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी हा प्रांत १५३२ मध्ये फ्रेंच राजसत्तेत विलीन झाला. त्यानंतरच्या शतकात तेथील ग्रामीण भागात उमरावांची जी निवासस्थाने उभी राहिली, त्यांमध्ये फिनिस्तेर विभागातील सँ-वूगे गावाजवळील केरजाँ ही वास्तू विशेष अभ्यसनीय आहे. 'केर' हा ब्रेतॉन भाषेतील शब्द वस्ती अथवा घर या अर्थाचा असून त्या प्रदेशातील असंख्य स्थलनामांत तो आढळतो. केरजाँला फ्रेंचमध्ये 'शातो' म्हणतात. त्याचे 'किल्ला' असे सरसकट भाषांतर दिशाभूल करणारे ठरते. मराठीतील 'गढी' हा शब्द अधिक जवळचा आहे. जमीनदाराचे राहते घर आणि तटबंदी येथे एकत्र आली आहेत. परंतु ही तटबंदी नेमकी कशासाठी, हाच या वास्तूविषयीचा मुख्य प्रश्न होय.

बार्बिये हे लेओं परिसरातील मध्यम प्रतीचे उमराव घराणे. ब्रिटनीत लहान उमरावांची संख्या मोठी होती व त्यांपैकी अनेकांचे राहणीमान सधन शेतकऱ्याहून फारसे निराळे नव्हते. बार्बियेंचे भाग्य पालटले ते आमों बार्बिये या धनाढ्य धर्माधिकाऱ्यामुळे. त्याची संपत्ती वारशाने लुई बार्बिये याच्याकडे आली आणि त्याने १६व्या शतकाच्या उत्तरार्धात केरजाँ बांधविले. त्या काळी लेओं प्रदेशात लिनन कापडाच्या व्यापारामुळे समृद्धी होती. गावोगावच्या चर्चवास्तूंच्या कामांमुळे दगडावर नक्षी कोरणारे निष्णात कारागीरही तेथे होते.

खंदक व जाड तटाने वेढलेल्या चौकोनी आवारात मूळ निवास उभा आहे. तटाच्या कोपऱ्यांवर तोफांसाठी बंदिस्त दालने आहेत. आत शिरताच मात्र दृश्य बदलते. चौकाच्या मागील बाजूस मुख्य इमारत, दोन्ही अंगांना पाखे, छपरातून वर आलेल्या शिल्पमंडित खिडक्या, खासगी प्रार्थनागृह, प्रशस्त स्वयंपाकघर आणि स्तंभांवर छत्र धारण करणारी विहीर, असा सारा थाट प्रबोधनकालीन आहे. फिलिबेर द लोर्म आणि आंद्रुए द्यु सेर्सो यांच्या छापील वास्तुग्रंथांचा प्रभाव या अलंकरणावर मानला जातो. राजधानीपासून इतक्या दूर, ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात ग्रंथातील नमुने उतरावेत, ही बाब मुद्रणकलेच्या प्रसाराच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. बाहेरच्या उद्यानातील कबुतरखाना हा केवळ पक्षिपालनाचा भाग नव्हे. तो बांधण्याचा अधिकार सरंजामी हक्कांत मोडत असे.

तटबंदी निव्वळ दिखाऊ होती, असे म्हणणे योग्य होणार नाही. १५९८ पर्यंत चाललेल्या धर्मयुद्धांत ब्रिटनीत लुटारू टोळ्यांनी हैदोस घातला होता. १६०२ मध्ये पॅरिस येथे देहदंड झालेला गी एदेर द ला फोंतनेल हा त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध. अशा टोळ्यांना थोपविण्यास हे तट पुरेसे होते. राजसैन्याच्या दीर्घ वेढ्यापुढे त्यांचा निभाव लागणे कठीण होते. तरीही, नव्याने श्रीमंत झालेल्या घराण्यास जुन्या सरदारांच्या पंक्तीत बसावयाचे असेल, तर खंदक आणि बुरूज यांवाचून भागणारे नव्हते. संरक्षण हे कारण खरे असले, तरी प्रतिष्ठेचे कारण अधिक प्रबळ दिसते. ही प्रतिष्ठा लवकरच पदरात पडली. १६१८ मध्ये तेराव्या लुईने केरजाँच्या जहागिरीस मार्क्विसचा दर्जा दिला.

पुढचा काळ उतरणीचा आहे. १७१० मध्ये लागलेल्या आगीत मुख्य वास्तूचा काही भाग भस्मसात झाला व तो पुन्हा उभारला गेला नाही. क्रांतिकाळात, १७९४ मध्ये, गढीची अखेरची सरंजामी मालकीण सुझान-ओग्युस्तीन द कोआतांस्कूर हिला ब्रेस्त येथे गिलोटिनखाली मृत्युदंड देण्यात आला. ज्या पदवीसाठी पूर्वजांनी एवढी वास्तू रचिली, तीच आता गुन्हा ठरली होती. १९११ मध्ये फ्रेंच शासनाने केरजाँ विकत घेऊन तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. जतनाचे काम करताना जळालेला भाग नव्याने न बांधता भग्नावस्थेतच राखला गेला आहे.