बंदुकीआधी पुस्तक

लढाई म्हटली की डोळ्यांपुढे तोफा येतात, बंदुका येतात, शूर शिपाई येतात. अंकलिपी काही येत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो जवानांना आधी अक्षर शिकवावे लागले. मगच त्यांना लढाईचे पुरे शिक्षण देता आले. हे कसे घडले, ते आपण या पाठात पाहू. त्यात आपल्या मराठा पलटणीचीही हकिगत येईल.

फौज कशी बांधतात?

हे युद्ध १९३९ साली सुरू झाले. तेव्हा अमेरिकेची फौज लहान होती. दोन लाखसुद्धा माणूस नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बर या बंदरावर विमानांनी हल्ला केला आणि अमेरिका लढाईत उतरली. १९४५ पर्यंत तिची फौज ऐंशी लाखांच्या वर गेली. भरती कायद्याने सक्तीची होती.

एवढी माणसे चालवायची कशी? पंढरीच्या वारीत लाखो लोक असतात. पण प्रत्येक वारकरी आपल्या दिंडीत चालतो. दिंडीला नंबर असतो, तिची जागा ठरलेली असते. फौजेचेही तसेच. बारा जणांचे एक स्क्वॉड. तीन स्क्वॉडांची एक प्लाटून. प्लाटूनींची कंपनी, कंपन्यांची बटालियन, बटालियनींची रेजिमेंट. तीन रेजिमेंटी, तोफखाना, दवाखाना, पूल बांधणारे आणि मोटारवाले मिळून एक डिव्हिजन. एका डिव्हिजनमध्ये चौदा हजारांच्या आसपास माणसे.

वरचा हुकूम खाली पोचतो तो पुष्कळदा कागदावरून आणि नकाशावरून. पहाऱ्याची पाळी कागदावर लिहिलेली असते. औषधाचे नाव बाटलीवर असते. ‘पुढे सुरुंग आहेत’ अशी पाटी रस्त्यावर असते. ती ज्याला वाचता येत नाही, त्याचा पाय सुरुंगावर पडतो. त्याच्यामागून येणारेही मरतात.

अंगठेवाल्यांचे काय करायचे?

अमेरिका श्रीमंत देश. तिथे सगळे शिकलेले असतील, असे आपल्याला वाटते. पण तसे नव्हते. दक्षिणेकडे कापसाचा मुलूख आहे. तिथल्या गरिबांची पोरे शाळेच्या वयात कापूस वेचीत. काळ्या लोकांचे हाल तर विचारूच नका. त्यांच्या बापजाद्यांना गुलाम करून आणले होते. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. पण दक्षिणेत काळ्यांच्या शाळा निराळ्या ठेवल्या आणि त्या शाळांना पैसा फार थोडा दिला.

सरकारने आधी अशा माणसांना परत लावले. चौथीइतके लिहिता-वाचता येत नसेल तर घ्यायचे नाही, असा नियम १९४१ साली केला. पण लढाई वाढली, माणसे कमी पडू लागली. तेव्हा जून १९४३ पासून भरतीच्या ठाण्यांवरच खास वर्ग उघडले. फार तर तीन महिने मुदत. कवायतही करायची आणि वाचन, लेखन, हिशेबही शिकायचा.

त्यांच्या पुस्तकात लहान मुलांच्या गोष्टी नव्हत्या. त्यात पीट नावाचा एक साधा शिपाई होता. छावणीतला त्याचा रोजचा दिवस, त्याचे काम, त्याचा दोस्त, हेच धडे. शिपायाला रोज जे शब्द लागतात, तेच आधी शिकवले. मोठ्या माणसाला त्याच्या कामाचा शब्द लवकर येतो. बहुतेक जण दोन महिन्यांच्या आत तयार झाले. युद्ध संपेपर्यंत अडीच लाखांवर जवान या वर्गांतून पास झाले. शंभरात सुमारे पंच्याऐंशी! असल्या माणसांनाच आधी निकामी ठरवले होते.

इटलीच्या खोऱ्यात

आता इटलीत जाऊ. तिथे आपली मराठी माणसेही लढत होती. डिसेंबर १९४४ पासून तिथल्या साऱ्या दोस्त फौजा मार्क क्लार्क या अमेरिकन सेनापतीच्या हाताखाली होत्या.

२६ डिसेंबरला जर्मनांनी सेर्किओ नदीच्या खोऱ्यात हल्ला केला. समोर अमेरिकेची ९२ वी डिव्हिजन होती. तिचे शिपाई काळे आणि वरचे अंमलदार गोरे. पुष्कळ शिपाई शाळेला मुकलेले. ती मागे हटली. तेव्हा हिंदुस्थानच्या ८ व्या डिव्हिजनच्या लोकांनी खोरे सावरले आणि गेलेला मुलूख परत घेतला. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमधली.

काळ्या शिपायांना नावे ठेवणारे पुष्कळ निघाले. पण त्याच दिवशी सोमोकोलोनिया गावात जॉन फॉक्स नावाचा काळा लेफ्टनंट आपल्या तोफांना नेम सांगत होता. शत्रूने वेढले, तेव्हा त्याने आपल्याच जागेवर गोळे टाकायला सांगितले. तो तिथे मेला. देशाचे सर्वांत मोठे पदक त्याच्या नावाने दिले गेले ते १९९७ साली. या लोकांत धैर्य कमी नव्हते. त्यांना शाळा कमी मिळाली, आणि विश्वासही कमी मिळाला. काळ्या-गोऱ्यांना एकत्र करण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ साली काढला.

आपल्या पलटणीत

हिंदुस्थानात भरतीची सक्ती नव्हती. तरी फौज पंचवीस लाखांवर गेली. तिच्यातही निरक्षर पुष्कळ. त्यांना पलटणीतच रोमन उर्दू शिकवीत. म्हणजे भाषा हिंदुस्थानी आणि अक्षरे इंग्रजी.

मराठ्यांच्या त्या पहिल्या पलटणीत नामदेव जाधव हे शिपाई होते. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. काम निरोप्याचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना साथी पडले. जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप नेले. मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागली, तर बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची ललकारी दिली आणि बाकीच्यांना पार बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

असे काळीज कोणत्याही वर्गात मिळत नाही. ते माणसाचे स्वतःचे असते. पण काळीज असलेल्या माणसाला पुढचा धोका कळावा, म्हणून अक्षर लागते.

इस्लापूरच्या भागात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. दरबारी कागद उर्दूत, शाळा थोड्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी न वाचताच कागदावर अंगठे उठवले. कोणाची जमीन त्या अंगठ्यापायी गेली. आज आपल्यापुढे सुरुंग नाहीत. पण कर्जाचा कागद आहे, औषधाचे पाकीट आहे, मोबाइलवर आलेला आकडा आहे. तिथेही न वाचता पाऊल टाकले की घात होतो. तिकडे हातात बंदूक घेणाऱ्या जवानाला पुस्तक धरायची लाज वाटली नाही. मग नांगर धरणाऱ्या हाताला ती का वाटावी?

सांगा पाहू:
१. पीटच्या पुस्तकात कोणते शब्द आधी शिकवले? का?
२. तुमच्या रोजच्या कामाचे पाच शब्द लिहा.