लायसन्सच्या रांगेतून सेलेनियमकडे

नोव्हेंबर 2004 मध्ये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि पुढे डोंबिवली-कल्याणच्या पोरांना ऐरोलीच्या आयटी कंपन्या जवळ आल्या. त्यांतले बरेच जण टेस्टिंगमध्ये. त्याच वर्षी शिकागोत थॉटवर्क्सच्या जेसन हगिन्सने कंपनीचं टाइमशीट आणि खर्चाचं अ‍ॅप्लिकेशन तपासायला सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं टूल लिहिलं. इकडे त्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

इकडे राज्य होतं मर्क्युरी कंपनीच्या क्यूटीपी या विकतच्या टेस्टिंग टूलचं. 2006 मध्ये एचपीने ती कंपनी सुमारे साडेचार अब्ज डॉलरना घेतली, त्यावरून या धंद्यातला पैसा कळावा. लायसन्स सर्व्हरवर ठरावीक सीट असत. कुणी क्यूटीपी उघडं ठेवून जेवायला गेला की मजल्यावर आरोळी उठायची, ‘‘कोण बसलंय रे क्यूटीपीवर?’’ रिलीजच्या आठवड्यात रात्रीच्या रिग्रेशनने सगळ्या सीट खाल्ल्या, की बाकीचे हाताने टेस्ट केस चालवत बसत. घरी सराव करायचा तर ट्रायलची मुदत संपेपर्यंतच. टूल कंपनीचं, म्हणून कौशल्यही कंपनीच्याच दारात अडकलेलं.

2008च्या मंदीनंतर परदेशी क्लायंट टूलचा खर्च बारकाईने पाहू लागले. जुलै 2011 मध्ये सायमन स्ट्युअर्टचा वेबड्रायव्हर सामावून घेऊन सेलेनियम 2 आलं आणि मोठ्या कंपन्यांना या फुकट, ओपन सोर्स टूलला नाही म्हणणं जड जाऊ लागलं. तरी त्या लगेच हलल्या नाहीत. बँकांचा प्रश्न ठरलेला: बिघडलं तर फोन कुणाला करायचा? कायदा विभागाला अपाचे लायसन्स समजावून सांगावं लागे. सेलेनियमची जार फाइल कंपनीच्या प्रॉक्सीत अडायची, पेन ड्राइव्ह बंद. एका लायब्ररीच्या मंजुरीसाठी मेलची माळ लागायची.

मंजुरी मिळाली, आणि खरा खर्च तिथून सुरू झाला. क्यूटीपीत रिपोर्ट, डेटा टेबल, ऑब्जेक्ट रिपॉझिटरी आयती मिळे. सेलेनियम फक्त ब्राउझर हलवतं. बाकीचं टेस्टएनजी, एक्सेल वाचायला पीओआय, रोज चालवायला जेनकिन्स असं स्वतः जोडायचं. मग प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी ‘हायब्रिड फ्रेमवर्क’ उभी राहिली. (हे दोन शब्द नसलेला रेझ्युमे अजून पाहण्यात नाही.) लिहिणारा नोकरी सोडून गेला की ती फ्रेमवर्क कुणाच्या बापाला कळत नसे. मागे राहिलेले लोक जागोजागी पाच सेकंदांचे स्लीप टाकून स्क्रिप्ट हिरव्या करत. क्रोम रात्रीत आपोआप अपडेट व्हायचा, त्याला हलवणारा क्रोमड्रायव्हर जुनाच राहायचा आणि सकाळी सगळा रिपोर्ट लाल. अ‍ॅप्लिकेशनमध्ये बग एकही नाही, पण मॅनेजरचा फोन मात्र यायचाच. ड्रायव्हर आपणच शोधून आणणारा सेलेनियम मॅनेजर यायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला.

म्हणजे फुकट टूल फुकट पडलं नाही. लायसन्सचा पैसा पगारात गेला. माझ्या मते तो तिथेच जायला हवा होता. व्हीबीस्क्रिप्टवर दिवस काढलेला टेस्टर जावा शिकला, डेव्हलपरचा कोड वाचू लागला, आणि हे सगळं त्याने रविवारी घरच्या जुन्या लॅपटॉपवर, कुणाची परवानगी न मागता केलं. ऑटोमेशन येणाऱ्याला पगार चांगला मिळू लागला. मॅन्युअलवाल्यांची मात्र ओढाताण झाली आणि त्यांच्या नजरेला पडणारे दोष स्क्रिप्टला आजही दिसत नाहीत, हे कंपन्या सोयीने विसरल्या.

या फुकट टूलभोवती मुंबईतच धंदाही उभा राहिला. आयआयटी मुंबईच्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी 2011 मध्ये ब्राउझरस्टॅक काढली. सेलेनियमच्या स्क्रिप्ट चालवायला ब्राउझर आणि फोन भाड्याने देणारी. 2021 मध्ये तिचं मूल्यांकन चार अब्ज डॉलर झालं.

आता नव्या प्रोजेक्टांत मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या प्लेराइटची चलती आहे. तेही ओपन सोर्सच. क्यूटीपी नाव बदलत एचपीकडून मायक्रो फोकसकडे आणि 2023 मध्ये ओपनटेक्स्टकडे गेलं. विकलं अजून जातं. ठाणे-ऐरोलीच्या मोठ्या कंपन्यांनी मात्र सेलेनियमच्या जोरावर वर्षानुवर्षं क्लायंटला बिलं लावली. त्यांच्या मॅनेजरांना एवढंच सांगणं: टीममधल्या एकाला आठवड्यातला अर्धा दिवस सेलेनियमचे बग सोडवायला द्या, आणि ते तास टाइमशीटमध्ये रीतसर भरू द्या.