भोपाळ किती दूर?

गोव्याचा दाबोळी विमानतळ आणि भोपाळचा राजा भोज विमानतळ यांमधील सरळ अंतर सुमारे 950 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला, चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही, त्यासाठी पावणेदोन तास पुरेत. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून काढलेले हे उत्तर बिनचूक आहे. प्रवाशाच्या मात्र ते फारसे कामाचे नाही.

थेट विमान वेळापत्रकात येते आणि जाते, ते कंपन्यांच्या हिशेबाने. ते नसेल तेव्हा मुंबई किंवा दिल्ली गाठणे आले. मुंबईमार्गे हवाई अंतर 1,080 किलोमीटरच्या घरात जाते. एवढी वाढ सोसता येईल. दिल्लीमार्गे ते 2,100 किलोमीटरला टेकते. म्हणजे भोपाळला निघालेला गोमंतकीय भोपाळ मागे टाकून दिल्लीस जातो आणि तेथून जवळजवळ 600 किलोमीटर उलट येतो! द्राविडी प्राणायाम तो हाच. त्यात दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचे तीन-चार तास मिळवले, की अख्खा दिवस खर्ची पडतो.

शिवाय विमानतळावर कोणाचे घर नसते. भोपाळमधील कोटरा सुल्तानाबाद ही वस्ती मोठ्या तलावाच्या दक्षिण अंगाला, तर विमानतळ उत्तरेला. तलावाला वळसा घालूनच जावे लागते. 1956 साली भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे तेथे गेली. अशा एखाद्या घरची सून पेडण्याची असेल आणि पहाटे आईच्या अत्यवस्थपणाचा निरोप आला, तर तिने काय करावे? जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने तिचे माहेर विमानतळाच्या दारात आले खरे. पण तेथवर आणणारे विमान त्या दिवशी हवे ना! गोवा एक्सप्रेस भोपाळहून थेट येते, परंतु ती दिवसाहून अधिक वेळ घेते. आईची शेवटची भेट घडणार की नाही, हे अशा वेळी वेळापत्रक ठरवते.

मध्य प्रदेश आम्हांस परका नाही. 1955 च्या ऑगस्टमध्ये सागरच्या सहोदराबाई राय गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरल्या आणि पोर्तुगिजांच्या गोळीने जखमी झाल्या. तेव्हा विमानाचा प्रश्नच नव्हता.

पर्यटकांच्या गर्दीवर विमाने सोडावीत, यास आमचा विरोध नाही. गोव्याचे पोट त्यावर चालते. परंतु पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, नातीगोती आणि आजारपणे कमी होत नाहीत. विमानाच्या इंधनावरील विक्रीकर राज्यांच्या हाती आहे. गोवा व मध्य प्रदेश सरकारांनी त्यात सवलत देताना कंपन्यांना एक अट घालावी : आठवड्यातून निदान दोन ठरावीक दिवस थेट विमान, आणि तेही बाराही महिने. तेवढे जमत नसेल, तर मुंबईतील दोन विमानांच्या वेळा तरी एकमेकींशी जुळवून घ्याव्यात. त्याला पैसा लागत नाही.