खेळण्यातली गाडी पुढे का जात नाही?

आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण रिमोटवर चालणारी मुलांची छोटी गाडी उघडून बघणार आहोत. हसू नका. या गाडीने आमच्या गटाच्या दोन बैठका खाल्ल्या, आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्याही कामाचं आहे.

झालं असं. गेल्या गणपतीला आमच्या गटातल्या एका ताईंचे भाऊ मुंबईहून आले. भाच्याला रिमोटची गाडी घेऊन आले. पाच दिवस गाडीने पडवी आणि खळं दणाणून सोडलं. ताईंची मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या डोक्यात आलं, गाडी अजून जोरात पळवायची. गाडीत चार सेल होते. तिने तार जोडून आणखी दोन लावले. गाडी सुसाट सुटली, जोत्याच्या दगडाला अडली, चाकं तिथल्या तिथे ओढ घेत राहिली. मग करपल्याचा वास आला. त्यानंतर गाडी फक्त मागे जायची, पुढे काही केल्या जाईना.

घरात बोलणी बसली. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला हवीत कशाला ही उचापती?" मुलीने गाडी ट्रंकेत टाकली आणि आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही. पण बैठकीत गोष्ट निघाली तेव्हा आम्हाला एक प्रश्न पडला. मागे जाते, तर पुढे का नाही? मोटर एकच, सेल तेच. मग गेलं काय? शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारून आम्ही ते समजून घेतलं.

आधी मोटरची गोष्ट. या मोटरला दोनच तारा असतात. सेल एका बाजूने लावला की मोटर एका दिशेने फिरते. सेल उलटा लावला की उलट फिरते. म्हणजे गाडी मागे न्यायची तर सेल काढून उलटे घालायला हवेत. चालत्या गाडीत ते कोण करणार? ते काम गाडीच्या पोटातली छोटी हिरवी किंवा तपकिरी पट्टी करते. तिला सर्किट म्हणतात.

पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. एका आळ्याला पाणी द्यायचं तर इथली माती काढायची, तिथे लावायची. गाडीच्या सर्किटमध्ये अशी चार दारं असतात. दोन मोटरच्या डावीकडे, एक वर आणि एक खाली. तशीच दोन उजवीकडे. मोटर मध्ये आडवी. चित्र काढलं तर इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं, म्हणून या जोडणीला एच-ब्रिज म्हणतात. डावीकडचं वरचं आणि उजवीकडचं खालचं दार उघडलं की वीज मोटरमधून डावीकडून उजवीकडे जाते, गाडी पुढे धावते. उरलेली दोन उघडली की वीज उलट वाहते, गाडी मागे येते.

आता सांगा, आमची गाडी मागे जात होती, पुढे नाही. म्हणजे काय? मागची दारांची जोडी शाबूत, पुढच्या जोडीतलं एक दार गेलेलं. मोटर चांगली, सेल चांगले, रिमोटही चांगला. नुसत्या विचाराने आम्ही बिघाड एवढ्याशा जागेत आणून ठेवला. दुरुस्तीचं निम्मं काम हेच असतं.

ही दारं म्हणजे ट्रान्झिस्टर. तीन पायांचा, तुरीच्या दाण्याएवढा काळा तुकडा. एका पायाला थोडीशी वीज दिली की उरलेल्या दोन पायांमधून जास्त वीज वाहू लागते. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांत एस ८०५० आणि एस ८५५० या नंबरांचे ट्रान्झिस्टर असतात. त्यांना हुकूम देणारी चिप वेगळी असते. रिमोटकडून रेडिओच्या लहरी येतात, चिप त्यांचा अर्थ लावते आणि सांगते, हे दार उघड, ते बंद कर. जुन्या पद्धतीच्या गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. जत्रेतून दोघा भावांना सारख्याच गाड्या आणल्या की एकाच्या रिमोटवर दोन्ही पळतात आणि घरात भांडण लागतं, त्याचं कारण हेच. नव्या गाड्यांत २.४ गिगाहर्ट्झ असतं. तिथे रिमोट आणि गाडी एकमेकांना ओळखून घेतात, म्हणून गोंधळ होत नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. एकाच बाजूची वरची आणि खालची दारं एकदम उघडली तर वीज मोटरकडे जातच नाही. सेलमधून निघते आणि सरळ सेलकडे परत येते. पाटाचं पाणी बागेत न जाता थेट ओहोळात जावं तसं. यालाच शॉर्ट होणं म्हणतात. ट्रान्झिस्टर क्षणात तापतो, सेलही तापतात. करपलेला ट्रान्झिस्टर कधी कायमचा बंद होतो, तर कधी कायमचा उघडा राहतो. गाडी न चालवताही सेल गरम लागले, तर आधी सेल बाहेर काढा, मग बाकीचं.

दोन सेल वाढवले म्हणून असं काय बिघडलं? हिशेब सोपा आहे, बचत गटाच्या वहीत मांडता येईल असा. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट. मोटरच्या आतल्या तारेचा रोध ३ ओहम धरू. मोटर मोकळी फिरते तेव्हा ती थोडीच वीज घेते. पण चाक अडलं की मोटर थांबते आणि नुसती तार उरते. मग ६ भागिले ३ म्हणजे २ अँपिअर. नऊ व्होल्टला ३ अँपिअर. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, पण त्या इवल्या ट्रान्झिस्टरची ताकद बनावटीप्रमाणे अर्धा ते दीड अँपिअर. शिवाय तारेतली उष्णता वीज जितकी वाढते त्याच्या वर्गाने वाढते. दीडपट वीज म्हणजे सव्वादोन पट उष्णता. मुलीची चूक जास्त सेल लावण्यात नव्हती. वाढलेलं ओझं दारांना झेपेल का, ते आधी पाहिलं नाही, एवढीच चूक.

आणि ही चूक तिने एकटीने केलेली नाही. जपानच्या टोमी कंपनीने २००१ साली बिट चार-जी नावाची, काडेपेटीएवढी रिमोटची गाडी काढली. क्योशो कंपनीच्या मिनी-झी गाड्याही तशाच गाजल्या. देशोदेशीच्या हौशी लोकांनी त्यांत जोरदार मोटरी बसवल्या आणि त्यांचीही सर्किटं करपली. मग त्यांनी तोड काढली. या गाड्यांत दारांच्या जागी मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर वापरतात. त्यांनी एका मॉसफेटच्या पाठीवर तसाच दुसरा ठेवून पायाला पाय डाखून टाकला. एका अरुंद दाराऐवजी दोन दारं झाली. वीज निम्मी-निम्मी वाटली गेली. निम्मी वीज म्हणजे प्रत्येकाला उष्णता पाव. विहिरीवरून भरलेला हंडा एकटीने आणण्याऐवजी दोघींनी धरला तर हात भरून येत नाहीत, तसंच.

पण हे मॉसफेटलाच चालतं, कारण तो तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो आपला वाटा दुसऱ्याकडे सोडतो. साधा ट्रान्झिस्टर उलटा वागतो. तापला की आणखी वीज ओढतो, आणखी तापतो, शेवटी जळतो. त्याची सोबत जुळत नाही. म्हणून एस ८०५० वर एस ८०५० रचू नका.

आता दुरुस्ती. आम्ही ज्या क्रमाने केली तो क्रम लिहून घ्या.

पहिलं, सेल तपासा. काही शे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, गटात एक असावा. नवा साधा सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो. खूप उतरला असेल तर बिघाड तिथेच.

दुसरं, चाकांचा कणा बघा. केस आणि दोरे गुंडाळून चाक अडतं, आणि अडलेली मोटर म्हणजे जळकं सर्किट. चिमट्याने काढून टाका.

तिसरं, सर्किटवरून मोटरच्या तारा सोडवून थेट सेलला लावा. सरळ लावून बघा, उलट लावून बघा. दोन्हीकडे फिरली तर मोटर ठीक. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर असतो. मोटरमधल्या ठिणग्यांमुळे रेडिओत होणारी खरखर तो शोषून घेतो. तो तुटला तर गाडी झटके देत चालते.

चौथं, करपलेला ट्रान्झिस्टर शोधा. बहुधा काळा पडलेला किंवा फुटलेला दिसतो. त्याच नंबरचा नवा आणा, काही रुपयांत मिळतो. जुना काढण्याआधी त्याची सपाट बाजू कुठे होती ते कागदावर काढून ठेवा. नवा तसाच बसवा.

आम्ही एवढं केलं आणि गाडी पुढे गेली. सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या, आजीसुद्धा. पण मुलीला अजून जोर हवाच होता. मग तिने या वेळी नीट विचारून काम केलं. डीआरव्ही ८८३३ नावाच्या चिपची तयार पट्टी मिळते. तिच्यात दोन मोटरींसाठी दोन एच-ब्रिज असतात. २.७ ते १०.८ व्होल्टपर्यंत चालते, आणि प्रत्येक मोटरला दीड अँपिअर सतत देऊ शकते. ओझं जास्त झालं किंवा तापली तर स्वतःहून बंद पडते, निवली की पुन्हा चालू. गाडीच्या चिपकडून पुढे आणि मागे सांगणाऱ्या दोन तारा जुन्या ट्रान्झिस्टरांकडून काढून या पट्टीच्या दोन टोकांना जोडायच्या. एकाला हुकूम मिळाला की पुढे, दुसऱ्याला मिळाला की मागे, दोन्हींना एकदम मिळाला की ब्रेक. चुकूनही शॉर्ट होत नाही.

आता काळजीच्या गोष्टी, त्या विसरू नका. डाखायला बसाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका. कथलात शिसं असू शकतं, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको, आणि नंतर साबणाने हात धुवा. गरोदर बाई आणि लहान मूल जवळ नको. गाडीत चपटी लिथियमची बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, टोचू नका, चुलीत टाकू नका. सेलच्या खेळण्यावर शिकायला हरकत नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या वस्तू मात्र शिकल्याशिवाय उघडायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका खेळण्यासाठी? खेळण्यावर चूक झाली तर दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर जातो, एवढंच. आणि शिकलेलं पुढे उपयोगी पडतं. ई-रिक्षाची मोटर असो की शेतात फवारणी करणारा ड्रोन, आत अशीच उघडझाप करणारी दारं असतात, फक्त मोठी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, पंधरा हजार महिला गटांना ड्रोन देण्यासाठी. ड्रोन उडवायला आपण शिकूच, पण त्याची मोटर अडली तर काय होतं हेही आपल्यालाच कळायला नको का?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही तिथली रीत. शेती, वीज, जोडकाम, स्वयंपाक, सगळं मुलामुलींनी मिळून करायचं. पुढे तिथे फॅब लॅब नावाची कार्यशाळाही उभी राहिली. खेड्यातल्या मुलीच्या हातात डाखणी दिली तर ती काय करू शकते, याचं उत्तर तिथे कधीच मिळालंय.

आमच्या ताईंच्या मुलीची दहावी झाली. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. अर्ज भरताना तिने इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं. वडील जरा गप्प होते. आजीने कपाटातली गाडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ही कोणी चालू केली, विचार तिला." अर्जावर सही झाली.

तुमच्याही घरात ट्रंकेत, माळ्यावर एखादी बंद गाडी पडली असेल. पुढच्या बैठकीला घेऊन या. सोबत घरातल्या मुलीलाही आणा. आधी सेल काढा, मग एकच प्रश्न विचारा, काय चालतंय आणि काय चालत नाही? तिथून सुरुवात करू.