‘युबिक्विटस’ : एका विशेषणाचा अर्थ व उगम

सन 2000 पासून महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत नेमका सांगता येणे, ही खेड्यातील शिक्षकाचीही नित्याची गरज होय. वाचनात वारंवार येणारे ‘युबिक्विटस’ हे विशेषण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कोशात त्याचा अर्थ ‘सर्वव्यापी’ असा दिलेला आढळतो; परंतु एवढ्याने काम भागत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘उबी’ म्हणजे कोठे; त्यास ‘क्वे’ हा प्रत्यय लागून ‘उबीक्वे’ म्हणजे कोठेही, सर्वत्र असा शब्द बनला. आपल्या ‘कोठे’ या शब्दास ‘ही’ जोडून ‘कोठेही’ होतो, तशीच ही घडण आहे. हा ‘क्वे’ संस्कृतातील ‘च’ या अव्ययाचा सगोत्र होय. युरोपात सोळाव्या शतकातील धर्मचर्चेत ख्रिस्ताच्या सर्वत्र असण्याविषयी वाद झाला, तेव्हा याच मुळापासून बनलेले नाम प्रचारात आले. विशेषण मात्र इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. ब्रिटिश सैन्यातील अभियंत्यांचे ब्रीदवाक्य ‘उबीक्वे’ असे आहे. भारतीय सैन्याच्या अभियंता दलाने त्याऐवजी ‘सर्वत्र’ हा शब्द स्वीकारला. पुण्याजवळील खडकी येथे ज्यांचे केंद्र आहे, ते बॉम्बे सॅपर्स याच दलाचे होत. लॅटिन शब्दास याहून समर्पक भारतीय प्रतिशब्द मिळणे कठीण.

पुष्कळ असणे आणि सर्वत्र असणे यांतील भेद मात्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला पाहिजे. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात माणसे पुष्कळ असतात, पण ती एकाच ठिकाणी जमलेली असतात. त्या गर्दीस हे विशेषण लावता येणार नाही. उलट, खरिपात गावाच्या कोणत्याही शिवारात गेले तरी सोयाबीन दृष्टीस पडते. तेथे ते शोभते. गाजरगवताचेही तसेच. 1955-56 च्या सुमारास पुण्यास प्रथम आढळलेले हे तण आज बांधावर, रस्त्याच्या कडेस, शाळेच्या आवारात, जेथे पाहावे तेथे दिसते.

आता प्रतिशब्दाचा प्रश्न. परमेश्वराविषयी बोलताना ‘सर्वव्यापी’ योग्य. सोयाबीनला तो लावल्यास हसू येईल. ‘सार्वत्रिक’ हा ‘सर्वत्र’वरून साधलेला शब्द तटस्थ आहे, म्हणूनच ‘सार्वत्रिक निवडणूक’ असे आपण म्हणतो. ‘सर्रास’ हा फारसी ‘सरासर’, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, यापासून आला. ‘सरासरी’ हा त्याचाच भाऊबंद. परंतु ‘सर्रास’मध्ये बहुधा नापसंतीची छटा असते : परीक्षेत कॉपी सर्रास चालते, पण अभ्यास सर्रास चालतो असे कोणी म्हणत नाही. अनेक वाक्यांत तर ‘जिकडे तिकडे’ हा घरगुती शब्दप्रयोगच सर्वांत चपखल बसतो.

यास्तव शिक्षकांनी फळ्यावर एकच प्रतिशब्द लिहून थांबू नये. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आपल्या गावात जिकडे तिकडे दिसणाऱ्या पाच वस्तूंची यादी करावयास सांगावी, प्रत्येकीविषयी एक मराठी वाक्य लिहवून घ्यावे, आणि कोणता शब्द कोठे बसतो याची चर्चा करावी. पाठ केलेला अर्थ परीक्षेपुरता टिकतो. स्वतः पारखून घेतलेला अर्थ जन्मभर उपयोगी पडतो. शिवाय अशा पाठात इंग्रजीबरोबर मराठीचेही शिक्षण घडते, हा लाभ लहान नव्हे.